कयाधूकांठची सायकलवाट आणि आपल्या पाणंदी

सायकलवरून दूरचा प्रवास करण्याची हौस महाराष्ट्रांत अलीकडे बरीच वाढली आहे. नाशिकचे सायकलस्वार २०१२ सालापासून पंढरीची वारी सायकलवरून करीत आले आहेत. २०२२ सालीं कार्तिकांत तर नामदेवरायांच्या नांवानें सायकलस्वारांची एक यात्रा पंढरपुराहून निघून थेट पंजाबांतील घुमानास, म्हणजे दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून, जाऊन पोंचली. ज्या संताच्या नांवानें ही मंडळी एवढी लांब गेली, त्याचें जन्मगांव म्हणून परंपरा ज्यास मानते, तें नरसी आमच्या हिंगोली जिल्ह्यांत कयाधूच्या कांठीं आहे. तेव्हां अशा प्रवाशांसाठीं कयाधूच्या खोऱ्यांतून एखादी नेमकी वाट आंखावी, ही सूचना आज ना उद्यां पुढें येणारच. दुसऱ्या कोणीं ती आपल्या सोयीनें मांडण्यापूर्वीं शेतकऱ्यांनीं आपल्या बाजूनें तिचा विचार करून ठेवावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सायकलीचा आणि शेतीचा संबंध काय, असें कांहीं वाचक विचारतील. संबंध असा कीं, सायकलस्वारास जी वाट हवी असते, जवळजवळ तीच वाट बैलगाडीस हवी असते. मोटारींच्या वर्दळीपासून दूर, सावलीची, कठीण तळाची, गांवांतून गांवांत जाणारी अशी ती वाट असावी लागते. आणि आमच्याकडे ती नव्यानें काढावयाची नाहीं. गांवच्या नकाशावर ती आहे. तिला आपण पाणंद म्हणतों. सायकलमार्गाच्या निमित्तानें या पाणंदी मोकळ्या व पक्क्या होत असतील तर त्या कामास शेतकऱ्यांनीं पाठबळ द्यावें, आणि त्याच निमित्तानें नवी जमीन मागितली जात असेल तर तिला साफ नकार द्यावा, असें आमचें मत आहे.

कयाधू ही कांहीं मोठी नदी नव्हे. वाशिम जिल्ह्यांत रिसोडच्या बाजूस उगम पावून ती सेनगांव तालुक्यांत उतरते, नरसीवरून आणि हिंगोली शहरावरून पुढें कळमनुरी तालुक्यांत जाते व अखेर नांदेड जिल्ह्यांत पैनगंगेस मिळते. प्रल्हादाच्या आईचें नांव लाभलेली ही नदी स्वभावानें मात्र हिरण्यकशिपूच्या वळणाची आहे. श्रावण-भाद्रपदांत ती एका रात्रींत पूल पाण्याखालीं घालते, आणि माघ-फाल्गुनांत गुरांना पाणी पाजावयास डोह शोधीत हिंडावें लागतें. पाऊस वाईट पडतो असेंहि नाहीं. साधारण सालीं ८०० ते ९०० मिलीमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो, माळाची माती पातळ आणि खालीं काळा पाषाण, त्यामुळें पाणी मुरण्यापूर्वींच वघळींतून नदींत आणि नदींतून जिल्ह्याबाहेर निघून जातें. खोरें वर्षांतील निम्म्याहून अधिक काळ कोरडें दिसतें, तें यामुळें.

अशा कोरड्या खोऱ्यांतून कोणी हौसेनें कां हिंडेल, ही शंका रास्त आहे. तिला स्पेन देशांतील एका खोऱ्याचें उदाहरण देतां येईल. त्या देशाच्या आग्नेय कोंपऱ्यांत आल्मेरिया प्रांतांत अल्मांझोरा नांवाची नदी आहे. तिचें खालचें पात्र वर्षाचे पुष्कळसे दिवस वाळू व गोटे एवढेंच असतें. तेथें पाऊस आमच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पावसानंतर तेवढें पाणी वाहून नेणाऱ्या कोरड्या ओढ्यांस तिकडे 'रांब्ला' असें म्हणतात. आमची वघळ ती हीच. पण तेथेंहि १९७३ च्या ऑक्टोबरांत आणि पुन्हा २०१२ च्या सप्टेंबरांत असे पूर आले कीं माणसें, घरें आणि बागा वाहून गेल्या. या खोऱ्यांतून पूर्वीं डोंगरांतील लोखंडाची माती बंदराकडे नेणारी आगगाडी चालत असे. खाणी थंडावल्या, आणि १९८५ सालीं ती गाडीहि बंद पडली. स्पेन सरकारनें १९९३ पासून अशा मेलेल्या आगगाडीमार्गांचे रूळ काढून त्यांवर पायीं व सायकलवर जाणारांसाठीं वाटा करण्याचें काम हातीं घेतलें. त्यांस 'हरित मार्ग' या अर्थाचें नांव आहे, आणि आज त्या देशांत अशा वाटा ३,००० किलोमीटरांहून अधिक झाल्या आहेत. अल्मांझोरेच्या खोऱ्यांतील जुन्या मार्गाचेहि कित्येक टप्पे असेच वाटेस लागले. उजाड टेंकड्या, मधूनच ऑलिव्हची व लिंबू-संत्र्यांची झाडें, दगडी पूल आणि ओसाड स्टेशनें पाहात लोक तेथें हिवाळ्यांत सायकली फिरवितात. नदींत पाणी नाहीं म्हणून कोणी परत जात नाहीं.

या उदाहरणांतून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे, वाटेसाठीं नवी जमीन घेतलेली नाहीं. जी जमीन पूर्वींच सार्वजनिक होती व पडून होती तिलाच पुन्हा कामास लाविलें. बाकीचें सारें अनुकरण निरुपयोगी होय. आमची पूर्णा-हिंगोली-अकोला आगगाडी जिवंत आहे, २००८ सालीं तर ती रुंदमापी झाली, आणि तिनें दीर्घायु व्हावें अशीच आमची इच्छा आहे. मग आमच्याकडे सार्वजनिक असून पडून राहिलेली जमीन कोणती? पाणंदीवांचून दुसरें उत्तर आम्हांस दिसत नाहीं.

आतां या पाणंदींची स्थिति कशी आहे, तें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. नकाशांत दुहेरी तुटक रेषा दाखविलेली असते. जाग्यावर जाऊन पाहावें तों एक बैलगाडी कशीबशी निघेल एवढी घळ, दोहों बाजूंस वेडी बाभूळ आणि मध्यें खड्डा. कांहीं ठिकाणीं तेवढेंहि नाहीं. दोन्ही बांध एकमेकांस भेटलेले. हें सरकारनें केलेलें नाहीं व पुरानेंहि केलेलें नाहीं. दर वर्षीं नांगराचा एक तास पाणंदींत सरकतो, समोरचा शेजारी उगाच मागें कां राहील म्हणून तोहि एक तास सरकवितो, आणि पंधरा-वीस वर्षांनीं दोघेहि आपला माल डोकीवरून काढीत एकमेकांस शिव्या देतात. पाणंदीच्या भांडणांत जेवढा पैसा व जेवढें रक्त आटलें, तेवढ्यांत त्या पाणंदी दगडानें बांधून झाल्या असत्या. एरव्हीं मोठ्या मनाचा माणूस वीतभर बांधासाठीं हट्टाला कां पेटतो, हा प्रश्न शेतकीशास्त्राचा नव्हे, म्हणून तो येथें सोडून देतों.

कायद्याची वाट मात्र सोडून देण्यासारखी नाहीं. असलेली वहिवाटीची वाट कोणीं अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या पांचव्या कलमान्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. शेतास वाटच नसेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें बांधावरून वाट मागतां येते. २०२१ सालीं राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना काढली, आणि २०२५ सालीं महसूल विभागानें शेतरस्त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत घेण्याविषयीं आदेश काढला. म्हणजे मोकळीक करून देणारें शस्त्र हातीं आहे. उणीव आहे ती गांवानें एकत्र बसण्याची. शेजाऱ्यावर अर्ज करावयास कोणी धजत नाहीं, कारण उद्यां त्याच्याच विहिरीवर पाणी मागावें लागतें. पण गांवाच्या नांवानें, सगळ्या शिवाराची वाट एकदम मोकळी करावयाची म्हटल्यास कोणा एकावर राग राहात नाहीं. सायकलमार्गाचें निमित्त आम्हांस येथें उपयोगाचें वाटतें. "तुझा बांध सरकव" असें सांगण्यापेक्षां "नरसीची वाट मोकळी करूं" असें सांगणें सोपें जाईल.

याहून जवळचें निमित्त हवें असल्यास तेंहि आहे. खोऱ्यांतील खरे सायकलस्वार पुण्या-नाशिकाहून यावयाचे नाहींत. ते येथेंच आहेत. मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या मुलींस सायकली मिळत आल्या आहेत. ज्या वाडीहून शाळा तीन-चार किलोमीटर दूर, तेथील मुलीस या सायकलीनें शाळा जवळ आणली. पण काळ्या मातीची पाणंद मृगापासून आश्विनापर्यंत कशी असते तें ध्यानांत आणावें. ती माती चाकास धरते, पंख्यांत दाटते, आणि शंभर पावलांवर चाक फिरेनासें होतें. मग मुलगी सायकल खांद्यावर घेते किंवा घरींच ठेवते. आणि पावसाळाभर घरीं राहिलेली मुलगी दिवाळीनंतर शाळेंत परत जाईलच अशी खात्री कोणीं द्यावी? हौशी प्रवासी पावसाळ्यांत येणार नाहींत. मुलींस मात्र त्याच दिवसांत जावयाचें असतें. म्हणून पाणंदीचा तळ मुरमाचा व दगडाचा करतांना ती पावसाळ्यांत टिकेल अशीच केली पाहिजे, केवळ हिवाळ्यांतील पाहुण्यास दिसावयास बरी एवढ्यावर भागणार नाहीं. दोहों बाजूंस चर, वघळ आडवी येईल तेथें फरशी किंवा नळी, आणि मध्यें थोडा उंचवटा, एवढ्या गोष्टी चुकल्या तर पहिल्याच पोळ्याला मुरूम शेतांत गेलेला दिसेल.

वाटेवर डांबर घालूं नये, असेंहि आम्ही सुचवितों. डांबराची वाट झाली कीं तिजवरून मोटारी वेगानें धांवूं लागतात, बैल घसरतात, आणि दोन वर्षांनीं तिचे पापुद्रे निघाले म्हणजे ती मुरमाच्या वाटेहून वाईट होते. दाबून बसविलेल्या मुरमावर रुंद चाकाची सायकल सुखानें चालते. सायकलस्वाराचा आमच्याकडील मोठा वैरी खड्डा नव्हे. तो कांटा आहे. बाभळीचा कांटा आणि सराटा यांपुढें विलायती रबरहि टिकत नाहीं. कुंपणासाठीं तोडलेल्या फांद्या वाटेवरून ओढीत नेण्याची आपली रीत आहे. ती बदलून फांद्या बांधाच्या आंतून नेल्या तर शाळेच्या मुलींचे व पाहुण्यांचे निम्मे पंक्चर वांचतील. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण ज्यानें दुपारच्या उन्हांत चाक काढून बसण्याचा प्रसंग पाहिला आहे तो तिला क्षुल्लक म्हणणार नाहीं.

याहून मोठें भय निराळेंच आहे, आणि तें झांकून ठेवणें बरें नव्हे. नदीकांठची वाट मोकळी व कठीण झाली कीं तिचा पहिला लाभ घेणारा प्रवासी सायकलीवर नसून रात्रीच्या अंधारांत वाळू भरून नेणाऱ्या गाडींत बसलेला असण्याचा संभव आहे. मराठवाड्यांतील नद्यांची वाळू कशी उपसली जाते तें सर्वांस ठाऊक आहे. वाळू हें नदीचें कोठार होय; तिच्या पोटांत जें पाणी राहातें त्यावर कांठच्या विहिरींची धांव असते. वाळू गेली कीं पुराचें पाणी थांबत नाहीं, विहिरी माघांतच तळ दाखवितात, आणि मग हळदीस पाळी चुकते. म्हणून आमची अट अशी कीं, वाट कांठाच्या पाणंदीनेंच जावी आणि पात्रांत उतरणारा नवा उतार एकहि काढूं नये. जेथें गुरांचा पूर्वापार उतार आहे तेथें गुरें जावींत, चाकें जाऊं नयेत. दोन दगड रोवून ही गोष्ट साधतां येते. आणि झाडें? पाणंदीवरील लिंब, वड, चिंच, बोर हीं रुंदीकरणाच्या नांवाखालीं पडूं लागलीं तर वाट झाली न झाली सारखीच. वैशाखांत जेथें पारा चाळिसाच्या वर जातो, तेथें झाडाची सावली हीच वाटेची खरी दुरुस्ती असते.

मार्ग कोणता असावा, याविषयीं आमची कल्पना थोडक्यांत सांगतों. प्रवाशानें सायकल घेऊन आगगाडीनें हिंगोलीस उतरावें. पहिल्या दिवशीं नदीच्या वरच्या अंगास नरसीपर्यंत जावें; नामदेवांचीं पदें गुरु ग्रंथसाहेबांत असल्यामुळें तेथें शीख यात्रेकरूहि येतात, आणि वारकरी व शीख एका अंगणांत भेटावे असें ठिकाण महाराष्ट्रांत फारसें नाहीं. दुसऱ्या दिवशीं खोरें सोडून डोंगर चढून सुमारें पंचवीस किलोमीटरांवरील औंढा नागनाथास जावें. तेथील देवळाचें दगडी काम पाहण्यासारखें आहे, आणि विसोबा खेचरांनीं नामदेवांस गुरूपदेश केल्याची कथा त्याच देवळाशीं जोडलेली आहे. औंढ्याजवळ दुधाळ्यास गुरुत्वलहरी टिपणारी लायगो नांवाची प्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तेथील यंत्रांस म्हणे जमिनीचा बारीकसा हादराहि सोसत नाहीं. सायकल तेवढी त्यांस चालावी. येथून सिद्धेश्वर धरण दूर नाहीं, आणि कालव्याच्या कडेनें वसमतच्या अंगास उतरतां येतें. ज्यांस खोऱ्यांतच राहावयाचें असेल त्यांनीं तिसऱ्या दिवशीं कयाधूच्या खालच्या अंगास कळमनुरी तालुक्यांत जावें. काळ कार्तिकापासून माघाच्या अखेरपर्यंत. त्यापुढें ऊन भारी, त्यापूर्वीं चिखल.

माघांत येणाऱ्यास आणखी एक गोष्ट पाहावयास मिळेल, आणि ती देवळाइतकीच पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे हळदीची काढणी. ओल्या हळदीचे गड्डे निघतात, शिजतात, अंगणभर पसरून वाळतात, मग ढोलांत घासले जाऊन पिवळे होतात. गांवांत शिरण्यापूर्वींच तो वास वाऱ्यावर येतो. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकन मिळालें तरी भाव बाजारांतच ठरतो, आणि शेतकरी आपली हळद कांडीच्या रूपानें पोत्यांत भरून विकतो. जो पाहुणा हळद शिजतांना पाहील तो पावशेर-अर्धा शेर तरी पुडी घेऊन जाईल, आणि पुन्हा पत्र पाठवून मागवील. पुडीवर गांवाचें नांव असावें, हळद त्याच शेतांतील असावी, तींत दुसरें कांहीं मिसळूं नये. या तीन गोष्टी सांभाळल्या तर ही ओळख टिकेल. राज्य सरकारच्या २०२० च्या कृषि-पर्यटन धोरणानें शेतकऱ्यास व शेतकी सहकारी संस्थेस पाहुण्यांची सोय करण्याची मोकळीक दिली आहे. वाटेवरील चार-सहा गांवांनीं मिळून एक संस्था करावी. एकेकट्यानें पाटी लावून बसण्यांत हांशील नाहीं. पाहुण्यास पलंग-पंखे नकोत. स्वच्छ संडास, प्यावयास पाणी, रात्रीं झोपावयास कोरडी ओसरी, आणि ज्वारीची भाकरी, पिठलें व ठेचा एवढें मिळालें कीं तो संतुष्ट असतो. पण पहिल्या कलमांत उणें असेल तर बाकी कितीहि चांगलें असून उपयोग नाहीं.

येथें कोणाची फसगत होऊं नये म्हणून स्पष्ट सांगतों. या पाहुण्यांनीं शेतकरी श्रीमंत होणार नाहीं. सुटीच्या दिवशीं दहा-पांच सायकली येतील, कांहीं आठवडे एकहि येणार नाहीं. 'पर्यटनानें जिल्ह्याचा कायापालट' असे शब्द ज्या कागदावर दिसतील तो कागद सावधपणें वाचावा. बहुधा त्याच्या मागील पानावर जमिनीची मोजणी असते. म्हणूनच सायकलीच्या जिवावर वाट करूं नये असें आम्ही म्हणतों. वाट गाडीसाठीं, ट्रॅक्टरासाठीं, ओल्या हळदीसाठीं व शाळेच्या मुलींसाठीं करावी. तिजवरून सायकलस्वार जातील तर आनंदच आहे. एकहि सायकलस्वार न आला तरी पाणंदीचा पैसा वायां जात नाहीं. उलट, नदीकांठीं रोषणाई, बसावयाचे सिमेंटचे बाक आणि कमानी यांवर घातलेला पैसा पाहुणा न आल्यास पुरता बुडतो, आणि पुष्कळदां तो आल्यासहि बुडतो.

शेतकऱ्यांकडून एक आक्षेप आम्हीं वारंवार ऐकिला आहे. परकीं माणसें शिवारांत फिरूं लागलीं कीं हरभऱ्याचे ढाळे उपटतील, हुरडा मोडतील, प्लास्टिक टाकतील. आक्षेप खरा आहे. परंतु ज्या शिवारांत माणसांचा वावर असतो तेथें मोटार-पंपाची चोरी कमी होते, हेंहि तितकेंच खरें. ढाळ्यांविषयीं म्हणाल, तर वाटसरूनें मूठभर मागितले आणि शेतकऱ्यानें दिले नाहींत असें आमच्या खोऱ्यांत अद्याप झालेलें नाहीं. न मागतां उपटणाऱ्याचा मात्र गांवानें आपल्या रीतीनें समाचार घ्यावा. पाहुण्यानें बांधावर सायकल घालूं नये, उघडलेला झापा लावून घ्यावा, आणि आणलेला कागद-कचरा परत न्यावा, एवढे नियम वाटेच्या तोंडाशीं मोठ्या अक्षरांत लिहून लावावे.

नरसी ते हिंगोली हा टप्पा प्रथम घ्यावा, असें आम्हांस वाटतें. या टप्प्यांतील ज्या सभासदांचीं शेतें पाणंदीस लागून आहेत त्यांनीं भूमि-अभिलेख कार्यालयांतून आपापल्या गांवनकाशाची नक्कल आतांच घेऊन ठेवावी, आणि ग्रामसभेंत पाणंद-मोजणीचा ठराव मांडावा. पिकें निघाल्यावर, चैत्र-वैशाखांत, शिवार मोकळें असतें व सांखळी टाकावयास अडचण पडत नाहीं. मोजणीच्या दिवशीं दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनीं जातीनें हजर राहावें, खुणेचे दगड दोघांनीं मिळून रोवावे, आणि मृगाच्या आधीं तें काम उरकावें. पाऊस पडून पेरणी झाली कीं बांध कोणाचाहि सरकत नाहीं.